देवमाशाचा सलाम

आमच्या पथारीवर, मिरची सुकवायच्या मैदानात, ठसका लागला की मला तो सलाम आठवतो. तिथेच, तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या माझ्या लेकीने मोबाइलवर टाकीत खेळ करणारा ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा देवमासा, पाहून त्याच्या पाठीवरच्या कललेल्या पंखाकडे बोट दाखवत विचारलं, "पप्पा, याना पाठवरना पंख काबं पडेल शे?" मला काडीची माहिती नव्हती, पण बापाने गप्प कसं बसायचं? "तुले सलाम करी ऱ्हायना!" पोर रोज हसत त्याला उलट सलाम ठोकायची. मग शाळेत तिने व्हिडिओत समुद्रातले मोकळे ऑर्का पाहिले, ताठ पंखांचे. तशीच पथारीवर आली. "पप्पा, तो सलाम नव्हता. त्याले कोंडेल शे, म्हनीसन पंख पडेल शे. आनि मी रोज हासनू!" माझ्या डोळ्यांतलं पाणी मी मिरचीवर ढकललं. आता ती कॉलेजात आहे. मी "जेवलो" म्हटलं तरी आईला विचारून खात्री करते.