बैलाला भिणारा वीर

माझा धाकटा भाऊ बैलाला भीत असे. साधासुधा नाही, गल्लीत बैल शिरला की हा दिसेल त्या घरात. पोळ्याच्या दिवशी तर तो दुपारपासूनच शाळेमागच्या निंबावर मुक्काम ठोकायचा आणि तिथून झडत्या म्हणायचा. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे एकमेकांची टर उडवणारी कवनं म्हणतात, त्या झडत्या. ह्याच्या तावडीतून सरपंचही सुटला नाही. खाली येऊन म्हण, असं लोक ओरडत. हा फांदी सोडत नसे.

असला हा वीर फौजेत गेला. गोळीबारात पडलेल्या दोन साथीदारांना त्यानं एकेक करून ओढून आणलं आणि तिसऱ्यासाठी गेला तो गेलाच. मरणोत्तर पदक मिळालं.

मग गावाचा ऊर भरून आला. ठरलं काय, तर यंदा पोळ्यात मानाची पहिली जोडी आमच्या घरची. आमच्या! नाचणगावजवळच्या त्या गावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिंपी. दाराशी बैल कधी बांधला नाही. शेजारच्या काकांनी आपली जोडी सजवून दिली. कासरा आईनं धरायचा. आईनं नको म्हणून पाहिलं, पण ऐकतो कोण? वर शहिदाच्या मानाखातर झडत्या बंद. म्हणजे मान ज्याचा, तोंड त्याचंच बंद.

तोरणाखाली सरपंच बोलायला उठले. "भीती हा शब्दच ज्याला ठाऊक नव्हता..." मी निंबाकडे बघून हसू दाबलं, आणि मग मला भयंकर राग आला. भावानं वाचवलेला एक जवान घरी येऊन गेला होता. तो सांगत होता, तिसऱ्यांदा निघताना हा म्हणाला, "डर तो बहुत लग रहा है यार," आणि गेला. भावाचं तेवढं शेवटचं वाक्य आईजवळ उरलं होतं. तेही आता हे लोक पुसून टाकणार होते.

आईनं माइक मागितला.

"माहा पोरगा भेत होता, भाऊ. बैलाले भेत होता, तिथंबी भेला. तरी गेला. त्याले भेवच नव्हतं म्हणसान, त मंग त्यानं केलं काय?"

आई माझ्याकडे वळली. "म्हण वो तू त्याची झडती."

सुचेल तशी म्हटली:

"बैल आला दारावर, भाऊ चढला झाडावर,
दोस्त पडले मातीवर, भाऊ धावला गोळीवर!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. रडत रडत ओरडलं.

त्या आरडाओरड्यानं एक बैल बिथरला, शिंगं झटकायला लागला. मी चार पावलं मागं सरले. बैलाची भीती आमच्या घरात मुळात आईची. भावानं ती तिच्याकडूनच घेतली होती. पण कासरा तिनं सोडला नाही, आणि जोडी तोरणाखालून पार नेली.