सेफ्टी शूजच्या नाड्या

माझ्या थापांवर अख्ख्या चेन्नईत मनापासून विश्वास ठेवणारे एकच गृहस्थ आहेत, आमच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. घराणं तंजावरचं, मराठी तमिळ हेलातली. जपानात एकच लांब शेवई दोन फलाटांवर बसून दोघं खातात, असं मी ठोकून दिलं, तर काळजीने म्हणाले, "अय्यो! मध्ये गाडी आली तर काय करतात, सार?"

मी ट्रेनिंगला जपानला निघालो तेव्हा त्यांनी मुलीच्या परीक्षेचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तिथे विद्येच्या देवाचं जुनं देऊळ आहे, लाकडी पाटीवर नवस लिहून टांगतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. देवळात गेलोही. पण प्लमची झाडं अशी काही फुलली होती की मी स्वतःचेच फोटो काढत सुटलो. चिठ्ठी खिशात राहिली.

परतल्यावर मी सवयीने सुरू झालो. पाटी पुजाऱ्याने स्वतः टांगली, घंटा आपोआप वाजली, नंबरावर पाकळ्या पडल्या! देवाची गोष्ट म्हणून ते सेफ्टी शूज काढून, हात जोडून ऐकत होते.

मुलगी नापास झाली.

"सार, नंबर लिहिण्यात मीच चुकलो असेन," ते म्हणाले. "तुमची मेहनत फुकट घालवली. रागावू नका. पोरगी दोन दिवस जेवली नाही. ते पाकळ्यांचं तिला जरा सांगता?"

फोन लावून त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडून बारीक आवाज आला, "हलो, अंकल?" आणि हे खाली वाकून पुन्हा शूजच्या नाड्या सोडत होते.