पाणी सोडलं

टँकरदादांना उभ्या जन्मात कुणी गोड बोलताना ऐकलं नाही. खाऱ्या विहिरींच्या वस्तीत त्यांनी हयातभर लांबून गोडं पाणी आणून विकलं, आणि ओतताना शिव्या फुकट दिल्या. "मागे हो, तुझ्या बापाची टाकी आहे का?" लोक मुकाट ऐकून घेत. घशाला कोरड पडल्यावर मानापमान कुठला आलाय!

मग समुद्रकाठी कारखाना आला. उन्हावर वीज करायची, तिच्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचं, थोड्या पाण्यातून हायड्रोजन वायू काढायचा आणि उरलेलं नळाने वस्तीला द्यायचं. टँकर दारात धूळ खात पडला आणि दादांचं तोंड आणखी सुटलं. त्यात त्यांच्याच लेकीने तिथे नोकरी धरली. कामही कसलं, तर वस्तीला पाणी सोडायचं! दादांनी भर चौकात जाहीर केलं, "या पोरीवर मी पाणी सोडलं." वस्तीला आयताच विनोद मिळाला: बाप एकदा सोडून मोकळा झाला, लेक बिचारी रोज सोडते. दादांचा नुसता जळफळाट झाला. लेकीला त्यांनी घराबाहेर काढलं आणि घरात नळ येऊ दिला नाही. स्वतःपुरतं पाणी ते लांबच्या विहिरीवरून सायकलवर आणत. बायको शेजारून चोरून भरी.

एकदा आभाळ दाटलं ते दिवसचे दिवस हटेना. पाऊस नाही, ऊन नाही, म्हणून वीज नाही. कारखान्याच्या साहेबांनी टाकीतलं उरलंसुरलं पाणी ऊन पडताच वायू काढायला म्हणून राखून ठेवलं आणि नळ बंद केले. लोक टँकर मागायला दादांच्या दारात आले, मागे मान खाली घालून लेकही. दादांना मनातून गुदगुल्या झाल्या. हाच दिवस बघायला तर ते थांबले होते.

"माझ्याकडे कशाला? तिला सांगा सोडायला," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तिने सोडलं. कुणाला न विचारता राखीव टाकी वस्तीला मोकळी केली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. त्या संध्याकाळी ती त्याच पाण्याची बाटली आणि पेला घेऊन बापापुढे उभी राहिली.

"बाबा, तुमचा धंदा गेला, माझी नोकरी गेली. झाली फिटंफाट. आता तरी प्या."

दादांनी भरलेला पेला घेतला आणि तिच्याकडे बघत उंबऱ्यावर ओतला. "एकदा सोडलं म्हणजे सोडलं."

त्यांच्या शब्दाबाहेर कधी उघडपणे न गेलेली बायको आतून चपला घालूनच आली. तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, बाटलीतून पुन्हा भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली, "आता माझ्यावरही सोडा."