आधी कंदील सोडला का?

पाण्याचा वार होता. आठ दिवसांनी नळ आला म्हणून मी गच्चीवरची टाकी भरत होतो, तेवढ्यात सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, या जरा. यांना उठवतेय, उठत नाहीत." नळ तसाच सोडून मी धावलो. डॉक्टर मान हलवून गेले आणि दत्ताच्या पायाशी बसल्या बसल्या माझ्या मनात आलं… आता रोमची गोष्ट कोण सांगणार? त्या गोष्टीचा मला कित्येक वर्षं हेवा वाटत आला आहे.

दत्ता आणि मी देवगाव रंगारीचे, एका वर्गातले. तो बँकेत लागला, मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो. बायपासकडच्या शेतांचे प्लॉट पडले तेव्हा एकाच वसाहतीत घरं बांधली. त्याच्या मुलीनं, मेघानं, रोमला बोलावलं तेव्हा म्हणाला, "तू चल. मला एकट्याला तिथं काय उमगणार?" मी महिनाभर वाचत होतो. जमिनीखाली गाडला गेलेला सम्राटाचा महाल मीच त्याला दाखवणार होतो.

रोममध्ये हेल्मेट घालून आम्ही त्या महालात उतरणाऱ्या उतारावर आलो. आतून गार, ओलसर वारा आला आणि दत्ता जागीच थांबला. "आधी कंदील सोडला का आत?"

आमच्याकडं धान्याचं पेव, म्हणजे जमिनीतलं खोल कोठार, उघडलं की आधी आत कंदील सोडायचे. तो विझला तर खालची हवा वाईट. बहात्तरच्या दुष्काळात पेवात उतरलेले त्याचे वडील वर आलेच नाहीत. हे मला ठाऊक होतं, तरी मी म्हणालो, "हे पेव नाही दत्ता, महाल आहे. लोक बघतायत. चल."

मेघानं गाईडबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. छताचं भोक दाखवून म्हणाल्या, महाल मातीनं भरला होता तेव्हा माणसं इथूनच दोर धरून, मशाली घेऊन उतरली. पुढची सगळी रंगवलेली छतं त्यांनी दत्तालाच दाखवली. माझं वाचन तोंडातच राहिलं. मी रागानं सगळ्यांच्या पुढं चालू लागलो.

परतल्यावर दत्ता ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायचा. "महाल कसला, आपलं पेवच की. मी तर नायच म्हणत होतो. पण हा मास्तर पुढं घुसला. म्हटलं, हा मेला तर ह्याच्या बायकोला काय सांगू?" लोक पोट धरून हसायचे. माझ्या रागाचं त्यानं धाडस करून टाकलं होतं… त्याला कळलं होतं का, मी कधी विचारलं नाही. आणि तरीही मी धुमसायचो. विषय माझा, आणि माणसं त्याच्याभोवती.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रोमचं सांगा ना." मी सांगितलं. सम्राट, आग, उत्खनन, भिंतींवरची चित्रं. चांगलं सांगितलं. कुणी हललं नाही.

"तसं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "यांच्यासारखं सांगा."

मी उठून दाराच्या चौकटीत उभा राहिलो, नसलेलं हेल्मेट सावरलं आणि दत्ताच्या आवाजात विचारलं. खोली हसली. वहिनीही हसल्या.

आता गेलो की त्या तेच सांगायला लावतात. मी सांगतो, त्या हसतात. हसताना माझ्याकडं बघत नाहीत, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघतात… आणि मला अजून हेवा वाटतो.