बिनचहाची सकाळ

मी नाकावर माशी बसू देत नाही, असं आई सगळ्यांना सांगते. खरं आहे ते. वैद्यकीय जीवरसायनशास्त्रात संशोधन करून एम.एस्सी. करायचं ठरवलं, तेव्हा देहूरोडला आमच्या आळीत जो तो विचारायचा, "म्हणजे डॉक्टर होणार का?" मी फणकाऱ्यानं सांगायचे, "नाही. डॉक्टर जे वाचतात ते लिहिणार." वडील डेपोत नोकरीला. माझं हे उत्तर ते तिथे जाऊन स्वतःचं म्हणून खपवत.

माझा विषय कुरवंड्याच्या बायकांचा होता. पूर्वी भातखाचरात वाकून राबणाऱ्या या बायका आता लोणावळ्याच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला जातात. त्यांच्या रक्तातली उपाशीपोटीची साखर मला तपासायची होती. त्या कामाला निघायच्या आत मी गाव गाठायचे, एका मावशींच्या पडवीत बसायचे, रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात भरायचे आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे. माझ्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'कालच्या रात्रीपासून काही खाल्लं का?' बेचाळीस जणींनी 'नाही' सांगितलं. बेचाळीस वेळा मी बरोबरची खूण केली.

त्रेचाळिसाव्या खुद्द मावशी होत्या. त्या सकाळी मी जरा लवकरच पोचले.

"मावशी, उपाशी आहात ना?"

"व्हय की. रातीपासनं कण न्हाई पोटात." असं म्हणून त्यांनी बशीतला शेवटचा घोट सुर्रकन ओढला.

"मग हे काय?"

"च्या हाय."

"अहो, चहा चालत नाही!"

"च्या काय खाणं हाय व्हय? आमाला तर एकादशीला बी चालतो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी रक्त देऊन झालेल्या काही जणी पडवीत गप्पांना बसल्या होत्या, त्यांना विचारलं, तर सगळ्या चहा पिऊनच यायच्या. एकीनं तर रक्त जाणार म्हणून रोज घालते त्यापेक्षा चमचाभर साखर जास्त घातली होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. चूक माझीच, आणि ती मला माफ नव्हती, कारण माझी आई चार कप चहा पिऊन दुपारी 'सकाळपासून अन्नाला शिवले नाही' म्हणते आणि ते मी जन्मभर ऐकत आलेय. पुस्तकातलं 'उपाशी' पाठ करताना घरातलं मी विसरले होते.

परतीच्या गाडीत मनात नको ते आलं. फॉर्मवर सगळं बरोबर होतं, कोणाला कळणार होतं? आपणहून सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण साखर घातलेल्या चहाचे आकडे उपाशीपोटीचे म्हणून छापले, तर डॉक्टर ते वाचणार होते. आळीभर मिरवलेलं वाक्य आता मलाच बोचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गाईड मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "मीही तपासला होता हा. मलाही सुचलं नाही." मग सरळ बोलल्या, "यातला एकही आकडा वापरता येणार नाही. पुन्हा नमुने घ्यायची परवानगी मी मिळवते. पण बायकांनी नाही म्हटलं तर या मुदतीत तुझा प्रबंध होत नाही."

मी कोणाची माफी मागणाऱ्यातली नव्हे. तरी पडवीत उभी राहिले. "चूक माझी आहे. तुमचं रक्त मी वाया घालवलं. पुन्हा द्याल का?"

"परत सुई?" एक जण उसळली.

"आदी सांगायचं की, पोरी," मावशी म्हणाल्या. "आमी काय च्याला चिकटून बसलोय व्हय?" त्यावर सगळ्या हसल्या, कारण बसल्याच होत्या.

ठरलेल्या सकाळी मावशींच्या आळीत आल्याच्या चहाचा वास नव्हता. बायका जांभया देत, कपाळ चोळत आल्या. मावशींनी सगळ्यांत आधी हात पुढे केला आणि मग दारात बसून येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड हुंगायला सुरुवात केली. एकीला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत धाडलं, "तू उद्या ये. पिऊन आलीयस." चार सकाळी हे चाललं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणी झाल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधातल्या चहाच्याच वाक्यावर बोट ठेवलं, "हे पाळलं गेलं कशावरून?" मी तोंड हुंगण्याची हकीकत सांगितली. ते हसले, पण पान उलटलं.

बांधलेला प्रबंध घेऊन मी कुरवंड्याला गेले. मावशींनी पदराला हात पुसून तो मांडीवर घेतला. "ह्यात मी कुटं हाय?"

"नाव छापायचं नसतं, मावशी. पण हा पहिला आकडा तुमचा."

"आन् च्या प्यालो न्हाई, ते?"

मी पान काढून इंग्रजी वाक्य मराठीत वाचून दाखवलं, "आदल्या रात्रीपासून कोणीही काही खाल्लेलं नाही, चहासुद्धा घेतलेला नाही."

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग शेजारच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "ये गं, आपण उपाशी व्हतो ते पुस्तकात आलंय!"

पुढे पदवी हातात घेतानाही मला इतका अभिमान वाटला नाही.