सॉफ्टनरशिवाय घेतलेली मशीन

नोझल उघडलं आणि तळहातावर पांढरा चुरा पडला. खडूच्या भुकटीसारखा. मागे गाड्या धुण्याच्या मशीनचा मालक संजय उभा होता. शेजारी एका डॉक्टरांची काळी गाडी, बॉनेटभर पांढरे ठिपके.

संजयने विचारलं, "काका, हे कायचे डाग हायेत? मशीन खराब हाय का मानूस?"

मी मूठ मिटली. "मशीन ठीक आहे. केमिकल जास्त पडलं."

केमिकल, म्हणजे गाडीचा शॅम्पू, टाकायचं काम तिथला कामगार देवानंद याचं होतं. तो म्हणाला, "काकानंच तर सांगतलं होतं वाढवाले."

"मी थोडं म्हटलं होतं," मी म्हणालो.

त्याच दिवशी संजयने त्याला कामावरून काढलं. मी खोटं बोललो होतो. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

चाळीस वर्षं मी पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त केले. रिटायर झाल्यावर लोक जुनी मशीन घेण्याआधी मला ती तपासायला नेत. संजयचं पांढरकवड्याजवळ हायवेवर वॉशिंग सेंटर. नागपूरला एक टच-फ्री मशीन विकायला आहे असं त्याला कळलं. टच-फ्री म्हणजे गाडीला ब्रश किंवा कापड लागत नाही. एक कमान गाडीवरून फिरते, आधी शॅम्पूचा फेस सोडते, मग जोराच्या पाण्याने तो धुते आणि शेवटी हवेने गाडी सुकवते. आम्ही तिघं बघायला गेलो. तिसरा देवानंद. केळापूरचा, नऊ वर्षं संजयकडे हाताने गाड्या धुणारा.

मी पंप चालवून पाहिला, प्रेशर मोजलं, सील तपासले. मशीन चांगली होती. विकणारा म्हणाला, "सॉफ्टनरही घेऊन जा." सॉफ्टनर म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारी टाकी. मला वाटलं, हा उगाच एक डबा आमच्या गळ्यात मारतो आहे. बोअरच्या पाण्यावर मी आयुष्यभर पंप चालवले होते.

देवानंद हळूच म्हणाला, "काका, आपल्या बोअरच्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाही. घरची स्वयंपाकाले विहिरीचं पानी आनते. साबनालेही फेस येत नाही."

"देवा, मशीनमध्ये वरण नाही लावायचं आपल्याला."

सगळे हसले. देवानंदही हसला. सॉफ्टनर तिथेच राहिला.

आमच्याकडे घरोघरी पाण्याची परीक्षा अशीच होते. डाळ शिजली तर पाणी गोडं, नाहीतर जड. देवानंदने मला परीक्षेचा निकालच सांगितला होता. पाण्याचा जडपणा मोजायचं किट माझ्या पेटीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

मशीन बसवली तेव्हा बोअरची मोटर दुरुस्तीला गेली होती. पहिला आठवडा टँकरच्या पाण्यावर गेला आणि गाड्या आरशासारख्या निघाल्या. मग बोअरचं पाणी सुरू झालं. थोड्याच दिवसांत देवानंदचा फोन आला.

"काका, फेस धरून नाही राह्यला."

"शॅम्पू वाढव."

"किती?"

"दीडपट कर."

त्याने दीडपट केलं. थोडं असं मी कधी म्हणालोच नव्हतो. हळूहळू नोझलमध्ये क्षार साचले आणि पाण्याचा जोर गेला. हवेने सुकवताना उरलेले क्षार गाडीवर ठिपके होऊन बसले.

त्याला काढल्यावर पंधरा दिवसांनी मी सॉफ्टनर बसवून घेतला. संजयला म्हणालो, "एक फिल्टर राहिला होता." मशीन आजही चालते. "काकानं मशीन उभी केली," असं संजय गिऱ्हाइकांना सांगतो. देवानंदला मात्र दुसऱ्या कुठल्याच वॉशिंग सेंटरवाल्याने घेतलं नाही. तो जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायला लागला.

मागच्या महिन्यात बाजारात चहाच्या टपरीवर एकाने मला बोट करून दाखवलं. "तो पाहा, अ‍ॅसिडवाला देवा. डाक्टरची गाडी जाळली त्यानं." माझ्या केमिकलचं बाजारात अ‍ॅसिड झालं होतं. देवानंद तीन हात अंतरावर वांगी निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी संजयकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"आता कायले सांगता, काका? तीन वर्स झाले."

"देवानंदला बोलाव."

तो आला. कामगारांसमोर, गिऱ्हाइकांसमोर मी पुन्हा सांगितलं.

"मले मालूम होतं," देवानंद म्हणाला. "तुमच्या आधी म्याच नोझल उघडून पाह्यलं होतं."

"मग बोलला काहून नाही बे?" संजय म्हणाला.

"बोललो ना. काका म्हनले, थोडं म्हनलं होतं. त्याईच्यासमोर माह्यं कोन आयकते?"

संजय खाली बघत म्हणाला, "उद्यापासून ये कामावर."

"नाही भाऊ. जिनिंगमंदी मुकादम झालो मी." मग तो माझ्याकडे वळला. "काका, इथं सांगतलं, बरं केलं. पन मले अ‍ॅसिडवाला इथं नाही म्हनत कोनी. बजारात म्हनतात. पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले पुढच्या महिन्यात."

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी मी त्या टपरीवर बसतो आणि भेटेल त्याला सांगतो. काही ऐकतात. एकजण म्हणाला, "काका, म्हातारपणी काहून लोकाचं आंगावर घेता?"

जुनी मशीन घेताना ती आजवर कोणत्या पाण्यावर चालली ते विचारा आणि आपलं पाणी मोजून घ्या. त्या पाण्यात रोज हात घालणाऱ्याला सगळ्यात आधी विचारा. आणि तपासणाऱ्याने आपली चूक त्याच दिवशी सांगावी. माझं खोटं एका वाक्यात सांगून झालं होतं. खरं अजून सांगून संपलेलं नाही.