एक्सरेताईंचा क्लब

आमच्या वस्तीच्या मागे पाण्याची मोठी टाकी आहे आणि तिच्या पायथ्याशी बास्केटबॉलचं एक सिमेंटचं कोर्ट. टाकी भरून वाहिली की कोर्टाच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं. त्या कोर्टावर रोज पहाटे पावणेसहाला एक बाई शिट्टी वाजवायच्या. वय त्रेचाळीस, अंगावर जुनी ट्रॅकपँट, डाव्या गुडघ्याला पट्टा. साडेआठला त्यांची ड्यूटी सुरू व्हायची, म्हणून आठ वाजता सराव संपायचा म्हणजे संपायचाच. चेंडू हवेत असला तरी.

त्या सरकारी इस्पितळात एक्सरे काढायच्या. मुलं त्यांना एक्सरेताई म्हणत ते काही फक्त नोकरीमुळे नाही. कोण पाय ओढतोय, कोण उपाशी आलाय, कोण घरी भांडून आलाय, हे त्यांना लांबूनच कळायचं. "डाव्या पोटरीत काहीतरी आहे तुझ्या, बस खाली," म्हणाल्या की आठवडाभर दुखणं लपवणारा पोरगा मुकाट्याने बसायचा.

तरुणपणी त्या विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या. गुडघा गेला तसा खेळ सुटला. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने हा क्लब काढला. मुली येतील म्हणून कोर्ट झाडून ठेवलं, आणि आले नऊ पोरगे. ताई म्हणाल्या, आलेत तर आलेत. तेव्हापासून क्लब मुलांचाच राहिला. कोर्ट ताईंचं आणि कागद दादांचे, अशी वाटणी होती. दादा विमा कंपनीत कारकून. नोंदणी, परवानग्या, गाडी ठरवणं हे सगळं ते चोख बघायचे.

माझा धाकटा या क्लबात होता, सोळा वर्षांखालच्या संघात. म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे. आणि या गोष्टीत मी काही फार बरा दिसत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

त्या संघात एक मुलगा होता, त्याला सगळे मनोरा म्हणत. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हाच बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. रिंगखाली उभा राहिला की चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाती लागायचाच नाही. स्वभावाने मात्र गरीब. कुणाला धक्का लागला की आधी हात देऊन उठवायचा, मग धावायचा. त्याच्या जोरावर आम्ही शहराचा चषक जिंकला होता. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि या वेळी जिंकलं तर संघ वरच्या गटात जाणार होता. आम्ही पालक तर जिंकल्यासारखेच वागत होतो.

एका सकाळी रिंगवरून उसळलेल्या चेंडूसाठी उडी मारताना मनोरा मनगटावर पडला. हात बघता बघता सुजला. ताईंनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, एक्सरे ताईंनीच काढला.

हाड मोडलं नव्हतं. पण ताई पडद्यासमोरून हलेनात. वाढत्या मुलाच्या मनगटात, हाडाच्या टोकाशी, एक बारीक काळी फट दिसते. हाड तिथून वाढत असतं. वाढ संपली की फट बुजते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनगटात ती ठळक दिसायला हवी. ताईंनी वीस वर्षांत हजारो मनगटं पाहिली होती. समोरच्या मनगटात फट नव्हतीच.

त्यांनी त्याला सांगितलं की हाड शाबूत आहे, आठवडाभर चेंडूला हात लावायचा नाही. तो गेल्यावर त्यांनी विभागातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारलं, हा मुलगा किती वर्षांचा वाटतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, निरखून पाहिलं आणि अठराच्या आसपासचा, असं सांगितलं. मग कागदावर लिहिलेलं वय वाचून ते थबकले.

"ताई, ही फिल्म रुग्णाची आहे," ते म्हणाले. "तुमच्या क्लबाची नाही."

ताईंना ते पुरतं ठाऊक होतं. इस्पितळात कळलेली गोष्ट त्यांना बाहेर नेता येणार नव्हती आणि डोळ्यांनी पाहिलेलं विसरताही येणार नव्हतं.

संध्याकाळी त्या दादांकडे गेल्या. एक्सरेचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मनोऱ्याचे कागद बघायचेत. दादांनी फाइल काढली खरी, पण हातात धरून बसले. मग हळूहळू बाहेर आलं. मुलाचे दोन दाखले होते. जुन्या शाळेच्या दाखल्यावर जन्माचं साल तीन वर्षं आधीचं होतं. दादांनी तो फाइलच्या तळाशी घातला होता आणि नव्या शाळेचा दाखला वर लावला होता.

"सगळे क्लब करतात," दादा म्हणाले. "मी काही खोटा कागद बनवला नाही. दोन होते, त्यातला एक लावला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू नको म्हणाली असतीस."

ताई उठल्या आणि घरी आल्या. ती रात्र कशी गेली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या मनोऱ्याच्या घरी गेल्या.

टायरच्या दुकानावर एकच खोली, भिंतीला टेकवलेल्या शिड्या, कोपऱ्यात रंगाचे डबे. बाप रंगारी होता. त्याने काही लपवलं नाही. मुलाची आई आजारी पडली तेव्हा पोरगं तिच्या उशाशी होतं, तीन वर्षं शाळा सुटली. ती गेल्यावर परत शाळेत घालायला नेलं, तर एवढ्या मोठ्या मुलाला खालच्या वर्गात कसं बसवायचं, असं शाळावाले म्हणू लागले. तेव्हा कुणीतरी वय कमी लिहून दिलं. बास्केटबॉल तेव्हा त्याच्या स्वप्नातही नव्हता.

मनोरा दाराशी उभा राहून ऐकत होता, हाताला पट्टी बांधलेली. ताईंनी दोघांना सरळ सांगितलं. या मुलाला मी यापुढे सोळाच्या संघात उतरवणार नाही. गेल्या वर्षीचा चषक परत करायला हवा, पण त्यासाठी शहराच्या बास्केटबॉल संघटनेला खरं कारण लिहावं लागेल. तुमच्या होकाराशिवाय मी त्याचं नाव लिहिणार नाही. नको म्हणालात तर संघच मागे घेईन आणि गप्प बसेन.

बापाने मुलाकडे पाहिलं.

"मला कोणी विचारलंच नाही, ताई," मनोरा म्हणाला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या बारक्या पोरांच्या डोक्यावरून चेंडू घ्यायला मलाही लाज वाटते. लिहा तुम्ही."

ताईंनी त्याच रात्री पत्र लिहिलं आणि सकाळी चषकासकट संघटनेच्या कचेरीत नेऊन दिलं.

त्या रविवारी कोर्टावर पालकांची सभा झाली. सभा कसली, आम्ही सगळे ताईंवर तुटून पडलो. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. कुणी तक्रार केली नव्हती, कुणाला पत्ता नव्हता, मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतला, असं मी विचारलं. आमच्या पोरांची दोन वर्षांची मेहनत मातीत गेली, असंही म्हणालो. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

मग मला म्हणाल्या, "उद्या समोरच्या संघात अठराचा पोरगा उभा राहिला आणि त्याने तुमच्या मुलाला आडवं केलं, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

मी धाकट्याचा हात धरला आणि घरी आणलं. आठवड्याभरात त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबात घातलं. एकोणीसपैकी अकरा मुलं अशीच गेली. राहिली आठ.

संघटनेने चषक काढून घेतला आणि क्लबाला एक वर्ष स्पर्धाबंदी केली. कागदांवर सही दादांची होती, म्हणून त्यांना कुठल्याही क्लबाचं काम करायला बंदी झाली, तीही वर्षभराची. दादांनी बहिणीशी बोलणं टाकलं. दोघं दर शनिवारी आईकडे जेवायला जायची, ती जेवणं मात्र सोडली नाहीत. समोरासमोर बसायची आणि आईमार्फत बोलायची. "त्याला सांग मीठ दे," "तिला सांग तिच्याच हाताशी आहे," असं. शेवटी आई वैतागली आणि म्हणाली, मी काय टपाल खातं आहे का.

एक अख्खं वर्ष सामना नाही, आणि आठ मुलं. त्यांचं मन कसं लावायचं? सरावाला शिस्त पाहिजे, पण शिस्तीला पुढे काहीतरी दिसावं लागतं. दुसऱ्याच महिन्यात पोरं जांभया देऊ लागली. तेव्हा ताईंनी आपल्या जुन्या संघातल्या मैत्रिणींना फोन लावले. एक परिचारिका, एक बँकेत कॅशियर, एक शाळेत विज्ञान शिकवणारी, एक वकील आणि एक बेकरीवाली. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. दर रविवारी सकाळी साडेसहाला या बायका आमच्या पोरांशी खेळायला येऊ लागल्या.

पहिल्या रविवारी पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. तासाभराने गुणफलक होता एक्केचाळीस अठरा, आणि अठरा पोरांचे होते. काकूंच्या पायात धाव नव्हती, पण चेंडू त्यांच्याकडे थांबतच नव्हता. पोरगा पोचेपर्यंत तो तिसरीकडे गेलेला असायचा. बेकरीवाली तर रिंगखाली कणकेच्या गोणीसारखी जागा धरून उभी राहायची. एकाने दमून तक्रार केली, काकू, हा फाउल आहे. ती म्हणाली, बाळा, ही माझी जागा आहे.

मनोरा नसल्यामुळे उंच चेंडू फेकून मोकळं होणं आता शक्यच नव्हतं. पोरांना पास द्यायला शिकावंच लागलं. सात महिन्यांनी त्यांनी काकूंना पहिल्यांदा हरवलं, तेही दोन गुणांनी. काकूंनी तिथल्या तिथे परतीचा सामना मागितला.

माझा धाकटा नव्या क्लबाला जातो असं सांगून पाच वाजून वीस मिनिटांनी घर सोडायचा. मला वाटायचं, बरं चाललंय. एकदा बेकरीत गेलो, तर ती बाई नाकाला बर्फ लावून बसलेली.

"तुमच्या चिरंजीवांचा पास," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पोराला कान धरून आणायचं ठरवून मी कोर्टावर गेलो. गेलो आणि उभा राहिलो. माझा पोरगा, जो चेंडू मिळाला की कुणाला द्यायचा नाही, तो न बघता पाठीमागून पास देत होता आणि तिथे खरंच कुणीतरी असायचं. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाल्या, "उभेच आहात तर कोपऱ्यातलं ते पाणी काढा."

मी खराटा घेतला. त्या दिवसापासून मी क्लबाचा झालो. महिन्याभरात त्यांनी कागदांची फाइलही माझ्या हाती दिली आणि प्रत्येक मुलाचा जन्माचा दाखला नगरपालिकेच्या मूळ नोंदीशी ताडून आणायला लावला. माझी चपलांची एक जोडी त्यात झिजली.

एक गोष्ट मात्र ताईंना शेवटपर्यंत डाचली. त्या आठातले तिघे बंदीच्या वर्षात सोळा ओलांडून गेले. कप्तानही त्यांच्यातच होता. एकही सामना न खेळता त्यांचं वय निघून गेलं. ताईंनी त्यांना जवळ बसवून सांगितलं की हे माझ्यामुळे झालं, तुम्ही रागावलात तर बरोबर आहे. कप्तान शेवटच्या दिवसापर्यंत सरावाला येत राहिला, पण त्याला राग नव्हता असं मी म्हणणार नाही. मनोऱ्याचं मात्र चांगलं झालं. ताईंनी बस आगारातल्या ओळखीच्या प्रशिक्षकाला गाठलं. आता तो तिथे इंजिनाचं काम शिकतो आणि आगाराच्या खुल्या संघातून आपल्या जोडीच्या लोकांशी खेळतो.

बंदी उठली तेव्हा नवे धरून अकरा मुलं होती. त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिल्या तीन संघांना वरच्या गटात जागा होती. साखळीतला पहिलाच सामना आमचीच गेलेली पोरं ज्यात होती त्या क्लबाशी पडला आणि आम्ही नऊ गुणांनी हरलो. पुढचे दोन जिंकलो. उपांत्य फेरीत हरलो. राहिला तिसऱ्या जागेचा सामना. त्यात माझ्या धाकट्याचे पाच फाउल झाले, म्हणून नियमाप्रमाणे तो बाहेर बसला आणि मी बाकावर नखं खात होतो. शेवटच्या तीन मिनिटांत आमच्या पोरांनी एकदाही घाई केली नाही. चेंडू फिरवत राहिले, मोकळा माणूस सापडेपर्यंत. बावन्न सत्तेचाळीस.

सगळा गलका ओसरल्यावर दादा प्रेक्षकांच्या सर्वांत वरच्या पायरीवरून खाली आले. ते आले होते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंच्या समोर येऊन ते जरा घुटमळले.

"तुझा सहा नंबर उजवीकडे वळतच नाही," ते म्हणाले.

"सहा महिने तेच सांगतेय त्याला," ताई म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. पण पुढच्या आठवड्यात ताईंनी फाइल माझ्या आणि दादांच्या मध्ये ठेवली. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, हा नियम घालून दिला. दादा मान खाली घालून हो म्हणाले.

वरच्या गटात आम्हाला चांगलाच मार बसला. पहिल्या चार सामन्यांपैकी तीन हरलो, एक तर तीस गुणांनी. गाडीत पोरं तोंडं पाडून बसली की ताई प्रत्येकाला त्याने केलेला एक चांगला पास आठवायला लावायच्या. ज्याला आठवायचा नाही, त्याला दुसऱ्याने सांगायचा. हंगामाच्या अखेरीस आठ संघांत आम्ही सहावे आलो. शेवटचे दोन खाली घसरतात, म्हणजे आमची जागा राहिली.

दुसरा दिवस सोमवार होता. ताईंनी सरावाला सुटी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.